स्पेडेक्स यशस्वी झाले, मग अंतराळातला कचरा अजून का उचलता येत नाही?

प्रश्न असा आहे: इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडून दाखवले, तेव्हा निकामी उपग्रह पकडून खाली आणणे आणि इंधन संपलेल्या उपग्रहात पुन्हा इंधन भरणे आता भारताला जमेल का? अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने तो विचारला आहे आणि शेवटी पुस्ती जोडली आहे की, जोडता येते म्हणजे पकडताही येत असणारच.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, अजून नाही. आणि अडचण नेमकी त्या पुस्तीतच दडलेली आहे. उपग्रहांचे दिशानियंत्रण आणि दोन यानांच्या जवळ येण्याचे गणित यांत पंचवीसेक वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, समोरचा उपग्रह चालू आहे की बंद, यापेक्षा तो बनवताना कोणीतरी आपल्याला पुढे कधी पकडेल हा विचार झाला होता की नाही, यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते.

माझ्या आजोळी विहिरीत पडलेली बादली काढण्यासाठी गळ असे. लोखंडी आकड्यांचा झुबका लांब दोराला बांधलेला, तो पाण्यात सोडून तळाशी फिरवत राहायचे. कडी असलेली बादली पाच-दहा मिनिटांत अडकायची. कडी तुटलेला डबा पडला असेल, तर आकडे त्याच्या अंगावरून नुसते घासत जात आणि प्रत्येक धक्क्याबरोबर तो आणखी कोपऱ्यात सरकत असे. अंतराळात तर तळही नाही आणि कोपराही नाही. धक्का लागलेली वस्तू अडवायला काहीच नसल्यामुळे ती निघून जाते, आणि धक्का देणारे यानही तितक्याच जोराने उलट्या दिशेला ढकलले जाते.

स्पेडेक्समधील दोन्ही उपग्रहांना अशी कडी जन्मतःच दिलेली होती. प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाचे हे उपग्रह ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० ने ४७५ किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडले. दोघांवर सारखीच, ४५० मिलिमीटर व्यासाची, दोन मोटरींवर चालणारी जोडयंत्रणा होती. लेसरचा किरण आला त्याच वाटेने परत पाठवणारे काचेचे कोपरे होते, ज्यांच्यामुळे अंतर मोजता येते. आणि आपण कुठे आहोत हे एकमेकांना सतत सांगणारा रेडिओ दुवा होता. अखेरच्या टप्प्यात जवळ येण्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मिलिमीटर, म्हणजे मुंगीच्या चालीसारखा होता. इतकी सगळी सोय असूनही ९ जानेवारीला ठरलेले डॉकिंग, म्हणजे कक्षेतली जोडणी, पुढे ढकलावे लागले, कारण ५०० मीटरवरून २२५ मीटरवर येताना, उपग्रह भूस्थानकाच्या नजरेआड असताना, त्यांचे सरकणे अपेक्षेपेक्षा जास्त झाले होते. नंतर ते १५ मीटरपर्यंत, मग ३ मीटरपर्यंत आणून पुन्हा मागे नेले गेले, आणि त्यानंतरच जोडले गेले. तेव्हा वर्तमानपत्रांतून याला चालढकल म्हटले गेल्याचे आठवते. आमच्या क्षेत्रात मात्र मागे हटता येणे हे जवळ जाता येण्याइतकेच मोठे कौशल्य मानतात. २० एप्रिलला दुसऱ्यांदा जोडणी झाली, तेव्हा शेवटचे १५ मीटर उपग्रहांनी पूर्णपणे स्वतःच्या निर्णयाने कापले आणि त्यानंतर एकाने दुसऱ्याला वीजही पुरवली.

आता हीच गोष्ट उलट बाजूने पाहू. जपानमधील ॲस्ट्रोस्केल या कंपनीचे अ‍ॅड्रास-जे हे यान १८ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूझीलंडहून सोडले गेले. २००९ साली एक उपग्रह सोडून झाल्यावर कक्षेतच राहिलेला जपानी एच-२ए प्रक्षेपकाचा वरचा टप्पा हे त्याचे लक्ष्य होते: सुमारे ११ मीटर लांब, ४ मीटर व्यासाचा, तीन टनांचा धातूचा पिंप. तो ना आपली जागा सांगतो, ना दिशा. जमिनीवरच्या निरीक्षणांवरून त्याची जागा कळते, पण तिच्यात शेकडो मीटरची चूक असू शकते. म्हणून यान प्रथम त्या अंदाजावर विसंबून निघाले, मग कॅमेऱ्यात एक ठिपका दिसल्यावर नुसत्या दिशेवरून अंतर काढू लागले, आणि अगदी जवळ गेल्यावर त्या पिंपाचा आकार ओळखून स्वतःला जुळवून घेऊ लागले. जुलै २०२४ मध्ये त्याने सुमारे ५० मीटरवरून लक्ष्याभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली. त्याआधीच्या महिन्यातला तोच प्रयत्न मात्र यानाने स्वतःच सोडून दिला होता, आणि ३० नोव्हेंबरला १५ मीटरपर्यंत पोहोचल्यावरही काही बिघाडाची शंका येताच ते आपसूक दूर झाले. त्याने त्या पिंपाला हातही लावला नाही, आणि तरीही या क्षेत्रातला तो एक मैलाचा दगड आहे. प्रत्यक्ष पकडण्याचे काम पुढच्या मोहिमेकडे आहे; आणि पकडायची जागा कोणती, तर ज्या कड्यावर मूळ उपग्रह बसवला होता, तेच कडे, कारण त्या सबंध पिंपावर भार सोसेल असा मजबूत आणि हाताला येईल असा भाग तेवढाच आहे.

हे पाठलागाचे गणितही रोजच्या अनुभवाच्या विरुद्ध असते. पुढच्याला गाठायचे म्हणून कक्षेत वेग वाढवला, तर यान वर चढते आणि मागे पडते. गाठण्यासाठी आधी खाली उतरावे लागते: लक्ष्यापेक्षा एक किलोमीटर खालून फिरणारे यान प्रत्येक प्रदक्षिणेत साधारण साडेनऊ किलोमीटर पुढे सरकते. पाचशे किलोमीटर उंचीवर एक प्रदक्षिणा सुमारे ९५ मिनिटांची असते, त्यामुळे घाई करून काही साधत नाही.

शेवटच्या दहा मीटरांत काय होते, ते प्रयोगशाळेत पाहिलेले सांगतो. घासूनपुसून आरशासारख्या सपाट केलेल्या ग्रॅनाइटच्या फरशीवर हवेच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या दोन चकत्या असतात. एकीवर पकडणारा हात, दुसरीवर लक्ष्याची प्रतिकृती. पहिल्यांदा आम्ही चिमट्यासारखा हात वापरला. त्याचे एक बोट दुसऱ्याच्या निमिषभर आधी टेकले, आणि तेवढ्याने पलीकडची चाळीस-पंचेचाळीस किलोची चकती सावकाश, शांतपणे, जणू काही कंटाळून, फरशीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. धडा असा की, बोटे टेकण्यापूर्वीच चारही बाजूंनी वस्तू कवेत आलेली हवी. आधी पिंजरा, मग स्पर्श. दुसरा त्रास प्रकाशाचा. उपग्रहांना उष्णतेपासून वाचवण्यासाठी जे सोनेरी, चुरगळलेले वेष्टन असते, त्यावर एकाच दिव्याचा झोत टाकला की कॅमेऱ्याला आकार दिसत नाही. शे-दोनशे चकाकणारे तुकडे दिसतात, आणि वस्तू अर्ध्या अंशाने वळली की ते सगळे विझून दुसरेच पेटतात. सावलीचा भाग तर अगदी काळा, कारण अंतराळात प्रकाश पसरवायला हवा नाही. वर्षानुवर्षे उन्हात राहून ते वेष्टन फाटलेले आणि लोंबणारे असते हे आणखी वेगळे.

त्यात समोरची वस्तू फिरत असेल तर काम कैक पटींनी वाढते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण मेलेल्या उपग्रहांना शब्दशः लागू पडते: यंत्रणा बंद पडली तरी गिरकी चालूच राहते, कधी सूर्यप्रकाशाच्या दाबाने वाढतेही. युरोपचा आठ टनांचा एन्व्हिसॅट हा उपग्रह ८ एप्रिल २०१२ रोजी अबोल झाला. पुढच्याच वर्षी लेसरने मोजले तेव्हा तो सव्वादोन मिनिटांत एक गिरकी घेत होता. त्याला धरायचे म्हणजे आपल्या यानाने त्याच्याभोवती त्याच गतीने फिरत राहायचे, त्याच्या लांबलचक सौरपत्र्यापासून अंग राखायचे आणि पकड बसल्यावर दोघांची एकत्र गिरकी आपल्या थ्रस्टरांनी, म्हणजे छोट्या इंजिनांनी, थांबवायची. जाळे आणि भाला हे उपाय दिसायला सोपे वाटतात आणि २०१८-१९ मध्ये ब्रिटनच्या रिमूव्हडेब्री मोहिमेने दोन्ही करूनही दाखवले, पण जाळे त्या यानानेच सोडलेल्या छोट्या उपग्रहावर टाकले होते आणि भाला स्वतःच्याच दांड्यावर धरलेल्या पत्र्यात मारला होता. दोरीला बांधलेला, गिरक्या घेणारा आठ टनांचा भार ओढताना दोरी सैल पडली की काय होईल, याचे समाधानकारक उत्तर मला तरी कोणाच्या सादरीकरणात मिळालेले नाही.

दुरुस्ती आणि सेवा या बाजूला चित्र बरेच आशादायक आहे, आणि तेही कडीमुळेच. भूस्थिर कक्षेतल्या, म्हणजे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या मोठ्या दळणवळण उपग्रहांच्या पाठीवर एक इंजिन असते, जे सुरुवातीला कक्षा गाठण्यासाठी वापरतात आणि नंतर त्याचा उपयोग संपतो. नॉर्थ्रॉप ग्रुमन या अमेरिकी कंपनीच्या एमईव्ही-१ या यानाने नेमके तेच हेरले. त्याने आपली काठी त्या इंजिनाच्या नोझलमधून आत घातली, आतल्या अरुंद गळ्यापलीकडे ती उघडून अडकवली, आणि मग नोझलभोवतीच्या कड्याला टेकेपर्यंत स्वतःला ओढून घेतले. २५ फेब्रुवारी २०२० रोजी इंटेलसॅट-९०१ या २००१ सालच्या उपग्रहाशी ही जोडणी झाली. पुढची पाच वर्षे त्याचे दिशानियंत्रण आणि इंजिन म्हणून काम करून एमईव्ही-१ ने २०२५ मध्ये त्याला वरच्या निवृत्त-कक्षेत सोडले आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. इथे इंधन भरले गेले नाही हे लक्षात घ्यावे. दमलेल्या बैलाशेजारी दुसरा बैल जुंपण्याचा हा प्रकार आहे, आणि इंधन ओतण्यापेक्षा तो पुष्कळ सोपा आहे.

इंधन ओतण्याची गोष्ट नासाच्या ओसॅम-१ वरून कळते. लँडसॅट-७ या पृथ्वीनिरीक्षण उपग्रहात इंधन भरण्याचा हा प्रकल्प वर्षानुवर्षे चालला आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द करत असल्याचे नासाने जाहीर केले. जमिनीवर इंधन भरून झाले की उपग्रहाच्या झडपेवर टोपणे बसवतात, ती ढिली होऊ नयेत म्हणून बारीक तारेने बांधतात आणि वरून उष्णतारोधक वेष्टन घालतात. हे सगळे पुन्हा उघडले जाऊ नये, याच हेतूने केलेले असते. यंत्रहाताने वेष्टन कापायचे, तार तोडायची, टोपणे फिरवून काढायची आणि यातला एकही तुकडा मोकळा सुटू द्यायचा नाही. अंतराळ स्थानकावर एका प्रतिकृतीवर हे सारे करून २०१३ मध्ये इंधनाऐवजी इथेनॉल भरून दाखवले गेले होते, म्हणजे अशक्य ते नव्हते. पण खर्च आणि विलंब वाढत गेला, आणि मधल्या काळात सगळ्या क्षेत्राचा कल अशा बिनतयारीच्या उपग्रहांकडून भरणनळीची सोय आधीच ठेवलेल्या नव्या उपग्रहांकडे वळला, असे नासानेच कारणांत नमूद केले. मला तो निर्णय दुःखद वाटला, पण चूक वाटला नाही.

कोणता कचरा उचलायचा, हाही प्रश्न विचारला जातोच. युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार कक्षेत १० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या सुमारे ५४ हजार आणि एक सेंटीमीटरपेक्षा मोठ्या बारा लाखांवर वस्तू आहेत. सेकंदाला दहा किलोमीटर सापेक्ष वेगाने आलेल्या एका ग्रॅमच्या तुकड्यात, ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक टनाच्या गाडीइतकी ऊर्जा असते. तरीही हे बारीक तुकडे वेचत बसण्यात अर्थ नाही, कारण त्यांचा कारखाना म्हणजे मोठ्या वस्तू. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर कॉसमॉस-२२५१ हा निकामी रशियन उपग्रह चालू स्थितीतल्या इरिडियम-३३ वर आदळला आणि नोंद ठेवता येतील असे दोन हजारांहून अधिक तुकडे एका क्षणात झाले. आज सर्वांत धोकादायक मानल्या जाणाऱ्या वस्तूंत सोव्हिएत काळात आखलेल्या झेनित प्रक्षेपकाचे वरचे टप्पे अग्रभागी आहेत: प्रत्येकी सुमारे नऊ टनांचे, आठशे ते साडेआठशे किलोमीटरच्या पट्ट्यात, जिथून हवेच्या घर्षणाने खाली यायला शतके लागतील.

असा एक टप्पा ८०० किलोमीटरवरून थेट समुद्रावर उतरवायचा तर वेग सेकंदाला सुमारे २०० मीटरने कमी करावा लागतो. एक टनाच्या यानाने तो ओढायचा म्हटले तर त्यासाठीच सहाशे किलोंहून अधिक इंधन जळेल. तिथून दुसऱ्याकडे जायचे आणि त्याच्या कक्षेचे प्रतल दहा अंशांनी वेगळे असेल, तर १,३०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे उतरवण्याच्या सहापट किंमत मोजावी लागेल. पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्तामुळे प्रतले हळूहळू आपोआप फिरतात, त्याचा फायदा घेऊन महिनोन्‌महिने थांबून इंधन वाचवता येते. पण 'एक यान वर जाईल आणि एकामागून एक सगळा कचरा गोळा करील' हे चित्र यामुळेच कागदावर राहते.

कायद्याबद्दल थोडेच लिहितो. १९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार अंतराळातील वस्तूवर नोंदणी करणाऱ्या देशाचा अधिकार कायम राहतो; समुद्रात बुडालेले जहाज ठरावीक परिस्थितीत उपसून ताब्यात घेता येते, तशी सवलत इथे नाही. रशियाच्या संमतीविना झेनितच्या टप्प्याला कोणी हात लावू शकत नाही, आणि हात लावताना तो फुटला तर १९७२ च्या दायित्व करारातली जबाबदारी कोणाची, यावर वकील दोन्ही बाजूंनी दिवसभर बोलू शकतात. म्हणूनच जपान जपानी टप्पा उचलतो आणि युरोप स्वतःच्याच उपग्रहापासून सुरुवात करतो.

भारताकडे येऊ. आपल्या नावावरही कचरा आहे. पीएसएलव्ही-सी३ चा चौथा टप्पा १९ डिसेंबर २००१ रोजी, आपले काम संपवून दोन महिने झाल्यावर, उरलेल्या इंधनामुळे फुटला आणि त्याचे तीनशेहून अधिक तुकडे नोंदले गेले. त्यानंतर उरलेले इंधन आणि दाब सोडून देऊन टप्पा निर्धोक करण्याची पद्धत पीएसएलव्हीत रुळली. या एका झडपेने जितके तुकडे टाळले असतील, तितके कोणतेही जाळे गोळा करणार नाही. अलीकडे त्याच चौथ्या टप्प्याला पोएम या नावाने प्रयोगांची जागा म्हणून वापरतात आणि आधी त्याची कक्षा ३५० किलोमीटरपर्यंत उतरवतात. जानेवारी २०२४ मधील पोएम-३ असा ६५० वरून उतरवला गेला आणि तीन महिन्यांच्या आत प्रशांत महासागरावर जळून गेला. पोएम-४ वर विक्रम साराभाई केंद्राने कचरा पकडणाऱ्या यंत्रहाताचा छोटा प्रयोगही पाठवला होता, ज्यात पकडायची वस्तू दोरीने बांधलेली होती. सुरुवात अशीच करावी लागते.

त्याहून मला भावलेले काम मेघा-ट्रॉपिक्सचे. एक टनाचा हा भारत-फ्रान्सचा उपग्रह ८६७ किलोमीटरवर होता, अशा शेवटासाठी तो मुळात बनवलेलाच नव्हता, पण टाक्यांत सुमारे १२५ किलो इंधन शिल्लक होते. ते वापरून ऑगस्ट २०२२ पासून वीसेक टप्प्यांत त्याला खाली आणत ७ मार्च २०२३ रोजी प्रशांत महासागराच्या निर्जन भागावर विसर्जित केले गेले. नियंत्रण नसेल तर काय होते हे चंद्रपूरकरांना सांगायला नको: २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी आकाशातून पेटती रांग गेली आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत साधारण तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले, आसपासच्या गावांत गोल टाक्या सापडल्या. अभ्यासकांच्या मते तो एका चिनी प्रक्षेपकाचा २०२१ पासून फिरत असलेला टप्पा होता. कोणाला इजा झाली नाही, यात कोणाचेही कौशल्य नव्हते.

२०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा, सरकारी आणि खासगी, कचराविरहित करण्याचे उद्दिष्ट इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आहे. माझ्या मते त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे इथून पुढे उडणाऱ्या प्रत्येक उपग्रहावर दोन-तीन किलोंची पकडपट्टी, त्याशेजारी कॅमेऱ्याला ओळखता येईल अशी ठळक खूण, आणि शक्य तिथे उघडता येणारी भरणनळी असावी. उपग्रह बांधणारे या वजनासाठी कुरकुर करतात, हे मी बैठकांतून पुष्कळदा ऐकले आहे. तेवढ्या वजनात आणखी एक उपकरण बसले असते, हा त्यांचा युक्तिवाद खोटाही नाही. पण सेवा देणारे यान कंपनीला परवडायचे असेल तर त्याला पाच-सात सारखी गिऱ्हाइके लागतात, आणि ती मिळाली की त्याच यानाचा एखादा फेरा कचऱ्यासाठी सरकारला विकत घेता येतो. आयआयटी मुंबईतून उभी राहिलेली मनस्तू स्पेस हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारी इंजिने बनवते आणि कक्षेत इंधन भरण्याचा विचारही करते. उपग्रहांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या हायड्राझिन या विषारी इंधनाच्या तुलनेत हाताळायला कमी घातक असे इंधन भरणनळीशी जोडून पाहण्याची ही वाट मला योग्य वाटते.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यावर करायचा असेल तर डॉकिंगची यंत्रणा बनवण्याच्या मागे लागू नये. तिची अचूकता महाविद्यालयाच्या कार्यशाळेत साधत नाही. एक खोली काळ्या कापडाने झाका, एकच प्रखर हॅलोजन दिवा घ्या, पुठ्ठ्याच्या खोक्याला सोनेरी चुरगळलेला कागद गुंडाळून ते हळू फिरणाऱ्या टेबलावर ठेवा आणि साध्या कॅमेऱ्याच्या चित्रांवरून ते खोके दर सेकंदाला कोणत्या कोनात आहे हे काढण्याचा प्रयत्न करा. आधी खोक्यावर ठळक खुणा चिकटवून करा, मग त्या काढून टाकून करा. दोन्हींतील चुकांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले की पुस्तीतल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच हातात येईल.